बौद्धिक वार्धक्याचे संशोधन

बौद्धिक वार्धक्य म्हणजे वाढत्या वयाबरोबर माणसाच्या आकलन, स्मरण, तर्क, गणन, अवकाशबोध इ. बौद्धिक क्षमतांत होत जाणारा बदल. तारुण्य ओसरले की बुद्धीही ओसरू लागते, हा समज पुरातन आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुद्धिमापनाच्या कसोट्यांनी या समजाला शास्त्रीय आधार मिळवून दिला, असे दीर्घकाळ मानले गेले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हा आधार तपासून पाहण्यात आला आणि त्यातील बराच भाग वयाचा नसून पिढ्यांतील भेदाचा आहे, असे दिसून आले. या फेरतपासणीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांचे कार्य मध्यवर्ती ठरते. १९५३ पासून अर्धशतकाहून अधिक काळ प्रसिद्ध होत राहिलेले त्यांचे लेख व ग्रंथ क्रमाने पाहिले, तर या विषयाचा इतिहासच उलगडत जातो.

पूर्वपीठिका : आल्फ्रेड बीने व तेओदोर सीमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये तयार केलेली बुद्धिमापन कसोटी शाळकरी मुलांसाठी होती. प्रौढांचे बुद्धिमापन मोठ्या प्रमाणावर प्रथम घडून आले ते पहिल्या महायुद्धात. अमेरिकन सैन्यात १९१७-१८ मध्ये सु. १७ लाख लोकांना ‘आर्मी आल्फा’ व ‘आर्मी बीटा’ या कसोट्या देण्यात आल्या. रॉबर्ट येर्क्स यांच्या संपादकत्वाखाली १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात अधिक वयाच्या अधिकाऱ्यांचे गुण तरुण अधिकाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे आढळले. हॅरल्ड जोन्स व हर्बर्ट कॉनरॅड यांनी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील खेड्यांत आर्मी आल्फा कसोटी दिली. गावकऱ्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी फुकट चित्रपट दाखविण्याची युक्ती योजिली होती. १० ते ६० वर्षे वयाच्या १,१९१ व्यक्तींवर आधारलेला त्यांचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी १८ ते २१ या वयात कळसाला पोहोचते व त्यानंतर हळूहळू उतरत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र शब्दसंग्रह व सामान्य ज्ञान या बाबतींत ही उतरण फारशी दिसत नाही, हेही त्यांनी नोंदविले होते. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठी स्वतंत्र कसोटी प्रसिद्ध केली. तिच्या प्रमाणीकरणातूनही असाच आलेख मिळाला. इतर शारीरिक शक्तींप्रमाणे बुद्धीचाही ऱ्हास अटळ आहे, हे मत त्यामुळे पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

या सर्व अभ्यासांत एक समान गोष्ट होती. निरनिराळ्या वयांच्या माणसांची एकाच वेळी परीक्षा घेऊन त्यांच्या गुणांची तुलना केलेली होती. या पद्धतीस आडव्या छेदाची अथवा अनुप्रस्थ पद्धती म्हणतात. ती कमी खर्चाची व थोड्या वेळात पुरी होणारी आहे. तथापि तिच्यात एक अडचण अंतर्भूत असते. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेले आजोबा व पदवीधर नातू यांना एकच शब्दार्थाची कसोटी दिली आणि नातवाचे गुण अधिक भरले, तर तो फरक आजोबांच्या वयाचा, की त्यांच्या वाट्याला आलेल्या शिक्षणाचा, हे केवळ त्या गुणांवरून सांगता येत नाही. आजोबा विशीत असताना त्यांना किती गुण मिळाले असते, ही माहिती अशा अभ्यासात उपलब्धच नसते.

याउलट त्याच माणसांची काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा परीक्षा घेणे, ही दीर्घकालिक पद्धती होय. आयोवा स्टेट कॉलेजमधील ज्या विद्यार्थ्यांची १९१९ मध्ये आर्मी आल्फा कसोटीने परीक्षा झाली होती, त्यांपैकी १२७ पुरुषांना विल्यम ओएन्स यांनी तीस वर्षांनंतर पुन्हा तीच कसोटी दिली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या या मंडळींचे एकूण गुण घटलेले नव्हते, उलट वाढलेले होते. नॅन्सी बेली व मेलिटा ओडेन यांनी ल्यूइस टर्मन यांच्या प्रसिद्ध अभ्यासातील बुद्धिमान व्यक्ती प्रौढ झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी केली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातही वाढच नोंदविली गेली. हे सर्व लोक सुशिक्षित व निवडक असल्यामुळे निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नव्हते. तरीही एका पद्धतीने उतरण दिसावी व दुसरीने चढण दिसावी, हा विरोध दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

शाय यांचे आरंभीचे कार्य : वॉर्नर शाय यांचा जन्म १९२८ मध्ये त्या वेळी जर्मनीत व सांप्रत पोलंडमध्ये असलेल्या स्टेटीन (श्चेचीन) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे हे कुटुंब १९३९ मध्ये शांघायला गेले. तेथून १९४७ मध्ये शाय अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को येथे आले. छपाईच्या कामावर चरितार्थ चालवीत त्यांनी शिक्षण पुरे केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेची पदवी त्यांनी १९५२ मध्ये मिळविली. विद्यार्थिदशेतच त्यांनी लूइस थर्स्टन यांच्या ‘प्राथमिक मानसिक क्षमता’ या कसोटीचा वयस्कांवर उपयोग करून पाहिला. बुद्धी ही एकजिनसी शक्ती नसून ती अनेक स्वतंत्र क्षमतांचा समुच्चय आहे, असे थर्स्टन यांचे प्रतिपादन होते. ते खरे असेल, तर सर्व क्षमता एकाच वेळी व एकाच वेगाने उतरतील असे गृहीत धरण्याचे कारण नाही. शाय व त्यांचे दोन सहकारी यांचा या विषयावरील लेख १९५३ मध्ये वार्धक्यविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पीएच्. डी.साठी ते सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. चार्ल्स स्ट्रॉदर हे त्यांचे मार्गदर्शक होते. प्रबंधासाठी सर्व थरांतील प्रौढ मिळणे आवश्यक होते. त्याकरिता सिॲटल परिसरातील एका सहकारी वैद्यकीय संस्थेच्या सु. १८,००० प्रौढ सभासदांतून यादृच्छिक निवड करण्यात आली. २१ ते ७० वर्षे या मर्यादेत पाच-पाच वर्षांचे दहा वयोगट पाडून प्रत्येक गटात २५ पुरुष व २५ स्त्रिया, अशा एकूण ५०० व्यक्तींची १९५६ मध्ये परीक्षा झाली. शब्दार्थबोध, अवकाशबोध, विगामी तर्क, संख्याक्षमता व शब्दप्रवाह या पाच क्षमता आणि त्यांच्या जोडीला स्वभावातील ताठरता वा लवचिकता यांचे मापन करण्यात आले. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रबंध आडव्या छेदाच्या परंपरेतीलच होता व त्यात वाढत्या वयाबरोबर गुणांची घट दिसत होती. पुढे ज्या आलेखावर शाय यांनी आक्षेप घेतला, त्याचा एक नमुना त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातही होता.

१९६५ चे प्रतिमान : १९६३ मध्ये शाय व स्ट्रॉदर यांनी १९५६ च्या गटातील तीनशेहून अधिक लोकांची पुन्हा परीक्षा घेतली. त्याच वैद्यकीय संस्थेच्या सभासदांतून सु. १,००० नव्या व्यक्तीही निवडण्यात आल्या. यामुळे एकाच सामग्रीत दोन आडवे छेद व सात वर्षांचे एक दीर्घकालिक अवलोकन एकत्र आले. या सामग्रीचा अर्थ लावण्यासाठी लागणारी तात्त्विक चौकट शाय यांनी १९६५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकातील लेखात मांडली. माणसाच्या गुणांवर तीन गोष्टींचा प्रभाव पडतो : त्याचे वय, त्याची जन्मपिढी (एकाच कालखंडात जन्मलेल्यांचा गट) आणि परीक्षेचा काळ. आडव्या छेदात वय व जन्मपिढी यांची सरमिसळ होते, तर साध्या दीर्घकालिक अभ्यासात वय व परीक्षेचा काळ यांची. अनेक जन्मपिढ्यांची अनेक वेळा परीक्षा घेतली, तरच हे धागे काही अंशी सुटे करता येतात. अशा रचनांना अनुक्रमात्मक रचना हे नाव मिळाले.

या प्रतिमानातील एक उणीव पाउल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिली. परीक्षेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय मिळते. म्हणजे तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. केवळ गणिताने त्यांचे संपूर्ण पृथक्करण होऊ शकत नाही, त्यासाठी संशोधकाला बाहेरून काही गृहीतके घ्यावीच लागतात. ही मर्यादा आजही कायम आहे. शाय व बाल्टेस यांनी पुढे एकत्र लेखन केले, हे या वादाच्या निकोपपणाचे द्योतक म्हणता येईल.

१९६३ च्या पाहणीचे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आडव्या छेदात तिशीपासूनच दिसणारी घट त्याच माणसांच्या सात वर्षांतील बदलात पुष्कळशी नाहीशी होत होती. १९७० च्या तिसऱ्या फेरीने या निष्कर्षाला बळकटी दिली. त्यानंतर दर सात वर्षांनी एक, याप्रमाणे १९७७, १९८४, १९९१, १९९८ व २००५ मध्ये फेऱ्या झाल्या. ‘सिॲटल दीर्घकालिक अभ्यास’ या नावाने हा प्रकल्प ओळखला जातो. त्यात एकूण सु. ६,००० व्यक्तींनी भाग घेतला.

ऱ्हासाविषयीचा वाद : १९७४ मध्ये बाल्टेस व शाय यांनी एका लोकप्रिय मासिकात लेख लिहून उतारवयातील बुद्धीचा ऱ्हास ही एक ‘मिथ्यकथा’ असल्याचे म्हटले. या शब्दयोजनेमुळे मोठा वाद उद्भवला. जॉन हॉर्न व गॅरी डोनल्डसन यांनी १९७६ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्यावर कठोर टीका केली. हॉर्न हे रेमंड कॅटेल यांचे सहकारी होते. नव्या प्रश्नांची उकल करणारी ‘प्रवाही’ बुद्धी व शिक्षणाने साठत गेलेली ‘स्फटिकीभूत’ बुद्धी असा भेद कॅटेल यांनी केला होता. त्यांपैकी पहिली वयाबरोबर उतरते व दुसरी टिकून राहते, असे या संप्रदायाचे मत होते. टीकाकारांचे आक्षेप गंभीर होते. दीर्घकालिक अभ्यासातून दुर्बल, आजारी व कमी गुणांचे लोक गळत जातात व मागे उरतात ते सुदृढ, हा पहिला. तीच कसोटी पुन्हा दिल्याने सरावाचा लाभ होतो, हा दुसरा. सत्तरीनंतरची घट शाय यांच्या आकड्यांतही दिसते, हा तिसरा.

यांपैकी गळतीचा प्रश्न शाय यांना अज्ञात नव्हता. सोडून गेलेल्यांचे मूळ गुण टिकून राहिलेल्यांपेक्षा कमी होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच प्रसिद्ध केले होते. प्रत्येक फेरीत नवे लोक घेण्याचा एक हेतू गळती व सराव यांचे परिणाम अजमावणे हाही होता. आपण ऱ्हास सरसकट नाकारत नसून तो सार्वत्रिक, एकसारखा व अपरिवर्तनीय असल्याचे नाकारत आहोत, असा खुलासा बाल्टेस व शाय यांनी केला. हॉर्न व डोनल्डसन यांचे त्यावर समाधान झाले नाही व १९७७ मध्ये त्यांनी पुन्हा उत्तर दिले. पुढील फेऱ्यांची सामग्री हाती आल्यावर शाय यांची मांडणी अधिक मोजकी झाली. याच वर्षी जेम्स बिरेन व शाय यांनी संपादिलेला वार्धक्याच्या मानसशास्त्राचा हस्तग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांमुळे तो या क्षेत्रातील प्रमाणग्रंथ ठरला.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नव्हता. कामगाराला, अध्यापकाला वा अधिकाऱ्याला केवळ जन्मतारखेवरून कामावरून दूर करावे काय, हा प्रश्न त्या काळी अमेरिकेत ऐरणीवर आला होता. वयावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा १९६७ चा कायदा ४० ते ६५ वर्षे वयाच्या लोकांना संरक्षण देत होता. १९७८ मध्ये ही वरची मर्यादा बहुतेकांसाठी ७० वर्षांवर नेण्यात आली व १९८६ मध्ये ती बहुतांशी काढूनच टाकण्यात आली. या निर्णयांचे श्रेय एकट्या मानसशास्त्राला देता येत नाही. परंतु सरासरीचा आलेख व्यक्तीवर लादणे अन्यायाचे आहे, हे म्हणण्यास संशोधनाचा आधार उपलब्ध झाला होता. १९८८ मध्ये शाय यांनी खुद्द मानसशास्त्रीय संशोधनातील वयविषयक पूर्वग्रहांवर लेख लिहिला.

प्रमुख निष्कर्ष : शाय यांनी आपले निष्कर्ष १९९६ व २००५ मधील ग्रंथांत एकत्रित केले. साठीपूर्वी बहुतेक क्षमतांत सांख्यिकीय दृष्ट्या निश्चित अशी सरासरी घट आढळत नाही. साठीनंतर ती अल्प प्रमाणात सुरू होते व पंचाहत्तरीच्या सुमारास सर्वच क्षमतांत दिसू लागते. तरीही ८१ व्या वर्षी पाहिले असता निम्म्याहून कमी व्यक्तींत आधीच्या सात वर्षांत निश्चित घट झालेली होती. सर्व क्षमता एकदमच गमावलेली माणसे विरळा आढळली. पिढ्यांतील फरकही एकाच दिशेने जात नाहीत. विगामी तर्क व शब्दार्थबोध यांत नव्या पिढ्या सरस ठरल्या. संख्याक्षमता मात्र १९२४ च्या सुमारास जन्मलेल्या पिढीनंतर घसरत गेली. बुद्धिमापनातील गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत आल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मधील लेखांत अनेक देशांच्या सामग्रीवरून दाखविले, त्याच्याशी हे निष्कर्ष बव्हंशी जुळतात.

बुद्धी टिकून राहण्याशी कोणत्या गोष्टी निगडित आहेत, याचाही शोध घेण्यात आला. हृदयविकारादी दीर्घकालीन रोगांचा अभाव, अनुकूल आर्थिक व सामाजिक परिस्थिती, विचाराला चालना देणारे वातावरण, मध्यम वयातील स्वभावाची लवचिकता व जोडीदाराची बौद्धिक पातळी यांचा त्यात समावेश होतो. हे सहसंबंध आहेत, कारणे म्हणून ते सिद्ध झालेले नाहीत.

झालेली घट भरून काढता येते काय, या प्रश्नाकडे शाय व शेरी विलिस यांनी १९८४ च्या फेरीच्या सुमारास लक्ष वळविले. ६४ ते ९५ वर्षे वयाच्या २२९ व्यक्तींना विगामी तर्क अथवा अवकाशबोध यांचे पाच तासांचे शिक्षण देण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सु. दोन-तृतीयांश व्यक्तींत लक्षणीय सुधारणा झाली. ज्यांची क्षमता घटली होती, त्यांपैकी सु. ४० टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. विलिस यांचा सहभाग असलेल्या व २,८३२ वृद्धांवर केलेल्या एका व्यापक प्रयोगाचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकविलेल्या क्षमतेतच सुधारणा होते, ती सहसा इतर क्षमतांत पसरत नाही, असे त्यातून दिसून आले. विगामी तर्क व आकलनाचा वेग यांतील लाभ काही अंशी दहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मरणाच्या बाबतीत तो टिकला नाही.

वय व व्याधी : वैद्यकातही वयाच्या नावावर भलतीच गोष्ट जमा केली जात होती. आलोइस आल्त्सहायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी १९०६ मध्ये पन्नाशीतील एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. १९१० मध्ये एमील क्रेपेलीन यांनी या व्याधीला आल्त्सहायमर यांचे नाव दिले. तथापि ती अकाली येणारी व दुर्मिळ मानली गेली. वृद्धांतील बुद्धिभ्रंश मात्र म्हातारपणाचाच भाग समजला जाई. १९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील गॅरी ब्लेसेड, बर्नार्ड टॉमलिन्सन व मार्टिन रॉथ यांनी बुद्धिभ्रंशाची तीव्रता व मेंदूतील विकृतीचे प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला. वृद्धांतील बुद्धिभ्रंश ही पुष्कळदा तीच व्याधी आहे, हे मत १९७६ नंतर रूढ होत गेले. अशा रीतीने वयाच्या खात्यावर पडलेल्या नोंदींतून एकीकडे पिढीचा व दुसरीकडे रोगाचा वाटा वेगळा काढण्यात आला.

अलीकडील मतभेद व भारतीय संदर्भ : हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. टिमथी सॉल्टहाउस यांनी २००९ मध्ये सरावाचा परिणाम वगळल्यास बौद्धिक घट विशी-तिशीतच सुरू होते, असे प्रतिपादन केले. शाय यांनी त्याच वर्षी त्यास उत्तर देऊन आडव्या छेदातील जुन्या दोषाकडे पुन्हा लक्ष वेधले.

भारताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्के होते, ते २०११ मध्ये सु. ७३ टक्के झाले. इतके अंतर असलेल्या पिढ्यांना एकाच कसोटीने मोजल्यास निरक्षरतेलाच वार्धक्य समजले जाण्याचा धोका असतो. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात बुद्धिभ्रंशाची पाहणी करणाऱ्या संशोधकांनी यासाठी प्रचलित इंग्रजी कसोटीचे हिंदी रूपांतर निरक्षरांना देता येईल असे बेतले. लिहून दाखवायच्या वाक्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयास त्यात विचारले जाई. मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या भारतीय दीर्घकालिक वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील वयाचे लोक व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक व्यक्ती समाविष्ट होत्या. कोणत्याही दीर्घकालिक अभ्यासाची पहिली फेरी हा एक आडवा छेदच असतो. त्यातील वयोगटांच्या फरकांपैकी किती वयाचा, किती शाळेचा व किती व्याधीचा, हे त्याच लोकांच्या पुढील फेऱ्यांवरूनच ठरविता येते. तोवर वृद्धांच्या कमी गुणांना बुद्धीचा ऱ्हास म्हणणे सयुक्तिक ठरत नाही.